स्थूल आणि कृश : मधुमेहाच्या उपचार-इतिहासातील दोन देह

मधुमेहाच्या उपचारांचा इतिहास सामान्यतः औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९२२ साली इन्शुलिन आले, १९५० च्या दशकात तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या आल्या, २००५ नंतर आतड्यातील संप्रेरकांवर आधारलेली इंजेक्शने आली आणि आता वजन, हृदय व मूत्रपिंड या सर्वांवर एकाच वेळी परिणाम करणारी औषधे आली, अशी ती मांडणी असते. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. प्रत्येक उपचारामागे रुग्णाच्या देहाविषयीची एक कल्पना उभी असते. हा देह कसा आहे, तो लठ्ठ आहे की किडकिडीत, तो अतिपोषित आहे की उपाशी, या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाने निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली आणि त्या उत्तरांवरच उपचारांची दिशा ठरली. चयापचयी लक्षणसमूह, म्हणजे ज्याला आज सर्वत्र मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हटले जाते, ही संकल्पना रूढ झाल्यावर तर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. प्रस्तुत निबंधात नव्या उपचारपद्धतींचा हा इतिहास स्थूल व कृश अशा दोन देहांच्या अंगाने तपासावयाचा आहे.

प्राचीन नोंदी

चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. त्याची कारणे सांगताना बैठ्या सुखाचा व निद्रेचा अतिरेक, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ आणि पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांस यांचा उल्लेख येतो. आधुनिक वाचकाला या यादीत आपल्या काळाचे प्रतिबिंब दिसते आणि त्यामुळे तिचे वारंवार कौतुकही होते. परंतु त्याहून महत्त्वाचा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. चिकित्सास्थानात चरकाने प्रमेही रुग्णांचे दोन वर्ग केले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याला शोधन करावे, दुसऱ्याला बृंहण, म्हणजे पोषण द्यावे, असा हा भेद आहे. सुश्रुताने आणखी एक विभागणी केली. एक प्रमेह सहज, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रुग्ण बहुधा कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल.

या विभागणीत आजचे टाइप १ व टाइप २ शोधण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. तो टाळलेला बरा. प्रमेह ही मूत्रविकारांची व्यापक संज्ञा होती. तिच्यातील मधुमेह हा केवळ एक प्रकार. शिवाय ज्या वैद्यकाला स्वादुपिंडाचे कार्य ठाऊक नव्हते, त्याच्या मुखी इन्शुलिनचे ज्ञान घालणे हा इतिहासाचा उपयोग नव्हे. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. एकाच नावाच्या रोगाने ग्रस्त असलेल्या दोन माणसांना परस्परविरुद्ध उपचार लागू शकतात, हे निरीक्षण तेथे स्पष्टपणे नोंदविलेले आहे. सुश्रुताने बलवान रुग्णाला सांगितलेले उपायही लक्षणीय आहेत. व्यायाम, कुस्ती, आणि निर्धन रुग्णाने छत्री व पादत्राणे न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, शंभर योजने चालावे, गायींमागे हिंडावे किंवा विहीर खणावी. कृश रुग्णाला मात्र हे सांगितलेले नाही. त्याच्या शक्तीचे रक्षण करावे, असाच तेथे निर्देश आहे.

साखरेचा शोध आणि उपासमारीचा उपचार

युरोपात मधुमेहाच्या मूत्राची गोडी इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७४ साली नोंदविली आणि लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली ती साखरेमुळेच असल्याचे, तसेच रुग्णाच्या रक्तद्रवालाही गोड चव असल्याचे दाखविले. येथून रोगाचे केंद्र साखर झाले. जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतातील मुख्य रुग्ण, एक स्थूल कॅप्टन, मांस व चरबी यांच्या आहारावर सुधारला. पॅरिसला १८७०-७१ साली पडलेल्या वेढ्यात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या काही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे अपोलिनेर बुशार्दा यांच्या लक्षात आले. कमी खाणे हेच औषध, हा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि स्थूल रुग्णांच्या बाबतीत तो बराचसा खराही होता.

हाच निष्कर्ष कृश रुग्णाला लावला गेला, तेव्हा काय घडले हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसून आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपवासाची कठोर पद्धती उभारली. मूत्रातील साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवावयाचे आणि नंतर अत्यल्प आहारावर जगवावयाचे. बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांनीही तिचा अंगीकार केला. या पद्धतीने अनेक मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी लांबले. परंतु ती मुले अस्थिपंजर होऊन जगली. ॲलन यांना क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळी दुसरा उपाय हाताशी नव्हता. तरीही साखर हाच रोग मानल्यावर उपासमार हाच उपचार ठरतो, हा तर्क किती दूर नेतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

टोरोंटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी ज्या लेनर्ड थॉम्पसनला स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचण्यात आला, तो चौदा वर्षांचा मुलगा अशाच उपासमारीतून आलेला होता. त्याचे वजन सुमारे ३० किलो होते. पहिला प्रयत्न फसला. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून दिलेल्या मात्रांनी रक्तातील साखर उतरली. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि कॉलिप यांनी या शोधाचे हक्क प्रत्येकी एका डॉलरच्या मोबदल्यात टोरोंटो विद्यापीठाला दिले, ही गोष्ट सुपरिचित आहे. तिचा पुढील शंभर वर्षांतील इन्शुलिनच्या किमतींशी मेळ बसत नाही, हेही तितकेच परिचित आहे.

इन्शुलिनमुळे कृश, मरणोन्मुख रुग्ण वाचला. त्याचा परिणाम असा झाला की मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा अभाव, हे समीकरण पक्के बसले. आता अडचण दुसऱ्या देहाची होती. स्थूल, मध्यमवयीन रुग्णाला इन्शुलिन देऊनही साखर हवी तशी उतरत नसे.

लक्षणसमूहाचा जन्म

लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना तोंडाने ग्लुकोज आणि त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन देऊन एक साधा प्रयोग केला व १९३६ साली लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. काही रुग्ण इन्शुलिनला तत्काळ प्रतिसाद देत. काही जवळजवळ देतच नसत. पहिले बहुधा तरुण व सडपातळ, दुसरे बहुधा प्रौढ, स्थूल आणि उच्च रक्तदाब असलेले. रॉझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास रक्तातील इन्शुलिन मोजण्याची किरणोत्सारी पद्धत सिद्ध केली, तेव्हा प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हे, पुष्कळदा जास्तच असते, हे आकड्यांनी सिद्ध झाले. अभाव आणि रोध या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे हिम्सवर्थ यांचे म्हणणे वैद्यकात मुरण्यास सुमारे पाव शतक लागले.

मार्सेयचे झां वाग यांनी १९४७ साली पोटाभोवती साठणारी चरबी नितंबांवरील चरबीहून अधिक घातक असल्याचे म्हटले होते. त्याहीपूर्वी १९२३ साली स्वीडनच्या एस्किल क्यूलिन यांनी उच्च रक्तदाब, रक्तशर्करा आणि गाउट यांचे साहचर्य नोंदविले होते. हे विखुरलेले धागे स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात एकत्र गुंफले. इन्शुलिन-रोध, वाढलेली शर्करा, उच्च रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेले एच.डी.एल. यांच्या समूहाला त्यांनी सिंड्रोम एक्स असे नाव दिले. विशेष म्हणजे या यादीत स्थूलता नव्हती, आणि हा विसर नव्हता. सडपातळ माणसातही इन्शुलिन-रोध आढळतो, म्हणून त्यांनी ती जाणीवपूर्वक वगळली होती.

पुढील दीड दशकात मात्र या समूहाच्या व्याख्येत कमरेचा घेर मध्यवर्ती झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८-९९ च्या व्याख्येत इन्शुलिन-रोध आवश्यक होता. तो मोजणे दवाखान्यात शक्य नसल्याने २००१ च्या अमेरिकी तज्ज्ञगटाने पाचपैकी कोणतीही तीन लक्षणे पुरेशी मानली. त्यांत कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी १०२ सेंटीमीटर व स्त्रियांसाठी ८८ सेंटीमीटर होती. या मापाने पाहिले तर धोक्यातील असंख्य भारतीय निरोगी ठरत होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ साली घेर अनिवार्य केला, पण वंशानुसार निराळे आकडे दिले आणि दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा ठरविली. २००९ च्या भारतीय सहमतीपत्रात हीच मर्यादा स्वीकारण्यात आली आणि २३ हा बी.एम.आय. जादा वजनाचा, तर २५ हा स्थूलतेचा उंबरठा मानला गेला.

त्याच २००५ साली अमेरिकी व युरोपीय मधुमेह संघटनांनी संयुक्त निवेदनात या लक्षणसमूहाच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. घटकांची बेरीज घटकांहून अधिक काही सांगते का, आणि त्याला स्वतंत्र उपचार आहे का, हे ते प्रश्न होते. रीव्हन यांनी स्वतःही निदान म्हणून ही संज्ञा वापरण्यास विरोध केला. जनकानेच अपत्याला नाकारावे, असा हा प्रकार होता. त्यांचा आक्षेप योग्य होता, असे आज म्हणावे लागते. संशोधनाचे साधन म्हणून उपयोगी पडलेली संकल्पना व्यवहारात एक चौकट बनली आणि चौकटीत न बसणारा देह नजरेआड झाला.

पुणे परिसरातील सहा खेडी

या टप्प्यावर हा इतिहास महाराष्ट्रात येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पाश्चात्त्य ग्रंथांतील मधुमेही आणि आपल्या दालनातील मधुमेही यांच्यात मेळ दिसत नव्हता. येथील रुग्ण वयाने लहान होते, वजनाने हलके होते, तरीही त्यांच्यात इन्शुलिन-रोधाची सर्व चिन्हे होती. २००४ साली त्यांनी व लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये आपलीच दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. एका पानाचा हा मजकूर अनेक ग्रंथांहून परिणामकारक ठरला.

हा फरक कोठून येतो? अनुवंशिकतेवर बोट ठेवणारे एक उत्तर जेम्स नील यांनी १९६२ सालीच दिले होते : दुष्काळात टिकण्यासाठी काटकसरी बनलेली जनुके सुबत्तेत घातक ठरतात. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी निकोलस हेल्स यांच्यासह १९९२ साली दुसरे उत्तर सुचविले : काटकसर जनुकांत नसून गर्भाशयात शिकली जाते. १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातृपोषणाचा जो अभ्यास सुरू झाला, त्याने या दुसऱ्या उत्तराला भारतीय आशय दिला. या खेड्यांतील शेतकरी स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तर साउथॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोची. पुण्याकडील बाळाचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. पण त्वचेखालील चरबी, विशेषतः पाठीवरील, त्या मानाने जवळजवळ टिकून होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सडपातळ पण चरबीयुक्त भारतीय बालक ही कल्पना जगापुढे आली. मधुमेहाचा प्रवास चाळिशीत नव्हे, जन्माआधी सुरू होत होता.

अभ्यासातील एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. बाळाच्या वाढीशी आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी. आईच्या शारीरिक कष्टांचाही परिणाम दिसला : शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. २००८ साली असेही निदर्शनास आले की, गरोदरपणी फोलेट भरपूर पण बी १२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी अधिक इन्शुलिन-रोध दाखवितात. शाकाहारी आणि अल्प दूध घेणाऱ्या समाजात या निष्कर्षाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. गरोदर स्त्रीला लोह व फोलेटच्या गोळ्या देणे हे शासकीय धोरण होते. बी १२ त्यात नव्हते. उपचाराचे नवे क्षेत्र औषधालयात नव्हे, आईच्या ताटात आणि तिच्या कामाच्या तासांत असू शकते, हे येथे प्रथमच आकड्यांनिशी समोर आले. मधुमेहाच्या नव्या उपचारांवरील बहुसंख्य लेखनात या भागाला एखादे वाक्यही मिळत नाही.

औषधांची पालटलेली कसोटी

औषधांकडे वळताना एक गमतीची बाब दिसते. जी औषधे आज नवी म्हणून ओळखली जातात, त्यांतील बहुतेकांची मुळे जुनी आहेत. मेटफॉर्मिन हे गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील ग्वानिडीनवर्गीय द्रव्यांच्या अभ्यासातून आले. ते १९२२ साली डब्लिन येथे प्रथम तयार झाले, म्हणजे नेमके इन्शुलिनच्याच वर्षी. पण त्याचा मधुमेहासाठी वापर पॅरिसच्या झां स्टर्न यांनी १९५७ साली सुरू केला. त्याचे भावंड असलेले फेनफॉर्मिन रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढवून प्राणघातक ठरल्याने मागे घेतले गेले आणि त्याच्या बदनामीपायी मेटफॉर्मिनला अमेरिकेत परवानगी मिळण्यास १९९४ उजाडले. १९७७ साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि ५,१०२ रुग्णांचा समावेश असलेल्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. जादा वजनाच्या रुग्णांत मेटफॉर्मिनने मधुमेहाशी निगडित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. येथेही कसोटीला उतरलेला देह स्थूल होता, हे ध्यानात ठेवावयास हवे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी १२ कमी होते, हे पुण्याच्या अनुभवाशी ताडून पाहिले म्हणजे भारतीय वैद्याला या स्वस्त व उत्तम औषधाबरोबर आणखी एका तपासणीची आठवण ठेवावी लागते.

साखर उतरली की रुग्ण वाचला, हा विश्वास २००७-०८ च्या सुमारास ढासळला. रोझिग्लिटाझोन हे औषध इन्शुलिन-रोध कमी करीत असे, साखरही उतरवीत असे. परंतु स्टीव्हन निसेन यांनी २००७ साली केलेल्या एकत्रित विश्लेषणात त्याने हृदयविकाराच्या झटक्यांचा धोका वाढत असल्याचे सूचित झाले. भारतात २०१० साली त्यावर बंदी आली. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात साखर अतिशय कडक नियंत्रणात ठेवलेल्या गटातील मृत्यू वाढलेले आढळले आणि तो उपचार मध्येच थांबविण्यात आला. याउलट कोपनहेगनच्या अवघ्या १६० रुग्णांच्या अभ्यासाने २००३ सालीच दाखविले होते की साखर, रक्तदाब व मेद या सर्वांवर एकाच वेळी लक्ष दिल्यास हृदयविकारादी घटना सुमारे निम्म्यावर येतात. डिसेंबर २००८ पासून अमेरिकी औषध प्रशासनाने नव्या मधुमेही औषधांना हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. उत्पादकांना ही अट जाचक वाटली. प्रत्यक्षात तिच्यामुळेच गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोठे शोध लागले.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले होते. जर्मनीच्या योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ साली दाखविले की ते दिल्यावर मूत्रातून साखर जाऊ लागते. याच फॉन मेरिंग यांनी ओस्कर मिन्कोव्हस्की यांच्यासह १८८९ साली कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह निर्माण केला होता. म्हणजे रोगाचे कारण आणि सव्वाशे वर्षांनंतरच्या औषधाचे बीज या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून गेल्या. मूत्रात साखर येणे हे त्या काळी रोगाचे लक्षण. ते औषध होऊ शकेल, ही कल्पना कोणास सुचणार? मूत्रपिंड दररोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळून पुन्हा रक्तात घेते. हे परत घेणे रोखणारी ग्लिफ्लोझिन औषधे २०१२-१३ पासून बाजारात आली. सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या, ७,०२० रुग्णांच्या अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयरोगजन्य मृत्यू ३८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हृदय निकामी होण्याच्या विकारात तर मधुमेह नसलेल्यांनाही या गटाचा लाभ होतो, हे २०१९ पासून स्पष्ट झाले. भारतात मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे एकस्व संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांमुळे किंमत झपाट्याने उतरली.

आतड्यातील संप्रेरकांची कथाही अशीच. १९०६ साली लिव्हरपूलच्या बेंजामिन मूर यांनी आतड्याचा अर्क मधुमेहींना देऊन पाहिला होता. १९६४ साली दिसून आले की तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिल्यास इन्शुलिन जास्त स्रवते; म्हणजे आतडे स्वादुपिंडाला काही संदेश पाठविते. हा संदेश वाहणारे जी.एल.पी.-१ हे संप्रेरक १९८० च्या दशकात ओळखले गेले. पण रक्तात ते एक-दोन मिनिटांतच नष्ट होते, ही मोठी अडचण होती. न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना १९९२ साली गिला मॉन्स्टर या वाळवंटी सरड्याच्या विषात तशाच घडणीचा, पण टिकाऊ रेणू सापडला. त्यावर आधारलेले एक्झेनाटाइड २००५ साली आले, पुढे लिराग्लुटाइड, २०१७ साली सेमाग्लुटाइड आणि २०२२ साली दोन संप्रेरकांचे कार्य करणारे टिर्झेपाटाइड. २०२१ च्या अभ्यासात मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींचे वजन सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. २०२३ साली १७ हजारांहून अधिक हृदयरुग्णांत हृदयविकार, पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले. औषध थांबविल्यावर मात्र वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. भूक मंदावणे हे या औषधांचे मुख्य सामर्थ्य आहे.

शंभर योजने

औषधाविनाही मार्ग होता. चीनमधील दाचिंगच्या १९९७ च्या अभ्यासाने आणि अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींच्या २००२ च्या अभ्यासाने आहार व व्यायामाने मधुमेह लांबविता येतो, हे दाखविले. अमेरिकेत जीवनशैलीतील बदलाने धोका ५८ टक्क्यांनी, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात, ५३१ व्यक्तींत, हेच आकडे अनुक्रमे २८.५ व २६.४ टक्के आले, आणि दोन्ही उपाय एकत्र करूनही त्यात भर पडली नाही. आश्चर्याचा भाग असा की या अभ्यासात वजन जवळजवळ घटलेच नव्हते. ज्यांच्याकडे घटवावयास फारसे वजनच नाही, त्यांच्यातही चालणे आणि आहार यांचा उपयोग होतो, पण तो निराळ्या मार्गाने आणि निराळ्या मर्यादेत, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या प्रयोगात दररोज सुमारे ८५० उष्मांकांच्या आहाराने ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात मागे हटला. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिले. बुशार्दा यांचे पॅरिस येथे प्रयोगशाळेत परतले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु या प्रयोगात घेतलेल्या व्यक्तींचा बी.एम.आय. किमान २७ असणे आवश्यक होते.

तिसऱ्या रुग्णाची नोंद

उरतो तो खरोखर कृश असलेला रुग्ण. तो मुलांमधील टाइप १ चा नाही, आणि सडपातळ दिसणारा पण चरबीयुक्त असा शहरी कारकूनही नाही. १९५५ साली फिलिप ह्यू-जोन्स यांनी जमैकात अशा रुग्णांचे वर्णन केले : तरुण, अपपोषित, इन्शुलिनची गरज असलेले, पण इन्शुलिन न मिळाल्यासही टाइप १ प्रमाणे आम्लविषाक्ततेने बेशुद्ध न होणारे. ओडिशातील कटक येथूनही तशाच नोंदी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली अपपोषणजन्य मधुमेह असा स्वतंत्र वर्ग मान्य केला आणि १९९९ साली पुराव्याअभावी तो रद्द केला. ज्या वर्षांत चयापचयी लक्षणसमूहाला अधिकृत व्याख्या मिळाली, त्याच वर्षांत हा वर्ग यादीतून गेला. हा योगायोग असेल. परंतु कोणत्या देहावर संशोधनाचा पैसा व लक्ष केंद्रित झाले होते, हे त्यातून दिसल्यावाचून राहत नाही. पुरावा नव्हता, कारण पुरावा गोळा करण्याची साधने या रुग्णांपर्यंत पोहोचलीच नव्हती. हे रुग्ण बहुधा खेड्यांत राहत, आणि त्यांच्या वाट्याला टाइप १ चे किंवा टाइप २ चे असे दोनच शिक्के येत. टाइप १ समजून भरपूर इन्शुलिन दिल्यास, ज्याच्या घरी दोन वेळचे जेवण नक्की नाही, त्याची साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकते.

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व न्यूयॉर्कचे अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालय यांच्या संयुक्त अभ्यासाने २०२२ साली हा रुग्ण अखेर नेमक्या मापनाखाली आणला. अशा कृश पुरुषांत इन्शुलिन-रोध नव्हता; इन्शुलिनचे स्रवणच फार कमी होते. त्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासात तरुण वयात टाइप २ मधुमेह झालेल्यांत इन्शुलिनची तीव्र कमतरता असलेला गटच सर्वांत मोठा निघाला. स्वीडनमध्ये तो तसा नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने टाइप ५ या नावाने अपपोषणाशी निगडित मधुमेहाला मान्यता दिली. या वर्गीकरणावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही, आणि तशी सावधगिरी रास्तही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांत पोटाची स्थूलता असलेले किती आणि कृश किती, यावर कोणते औषध कोणाला, हे ठरावयाचे आहे. भूक मंदावणारे इंजेक्शन यांतील पुष्कळांना वरदान ठरेल. उरलेल्यांना अल्प मात्रेतील इन्शुलिन, प्रथिने आणि पुरेसे अन्न यांची गरज आहे, आणि त्यांच्यासाठी आखलेला मोठा उपचार-प्रयोग अजून इतिहासाच्या नोंदीत आलेला नाही.